टेस करावं का? गाठीआधी उरलेलं लिव्हर मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे : वडील ६३ वर्षांचे, द्राक्षबाग आहे, मधुमेह आहे. हिपॅटायटिस बी पाच वर्षांपूर्वीच कळला होता, पण गोळ्या मध्येच सुटल्या. आता लिव्हरमध्ये दोन गाठी निघाल्या आहेत, एक ५.२ सेंटिमीटरची, दुसरी २.१ ची. एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारी खूण) ४१०, बिलिरुबिन (काविळीचं माप) १.४, अल्ब्युमिन (लिव्हर तयार करतं ते प्रथिन) ३.३, आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) १.२, प्लेटलेट ८२ हजार. पोटात पाणी नाही, पोर्टल व्हेन (आतड्याकडून लिव्हरला रक्त आणणारी शीर) मोकळी आहे. डॉक्टरांनी 'टेस' (TACE) सांगितलंय, म्हणजे नळीने गाठीत औषध सोडून तिचा रक्तपुरवठा बुजवणं. मुलगी विचारते : ऑपरेशन का नाही? बिनटाक्याचा उपचार म्हणजे नुसती मलमपट्टी का? ओळखीच्या एका काकांची गाठ सुईने जाळली आणि ते बरे झाले, मग बाबांची का नाही जाळत? मावशीला पित्ताशयाच्या कॅन्सरमध्ये पोटातून नळी टाकली होती, दोन महिन्यांत ती गेली, हा तोच प्रकार का? आणि बाबांसमोर अजून कोणी 'कॅन्सर' हा शब्द उच्चारलेला नाही.

ताई, या सगळ्या आकड्यांत तुमचं बोट ५.२ वर आहे. माझं ३.३ वर आहे.

मी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफीवर बघत सुई-नळीने उपचार करणारा; बावीस वर्षं शिशाचा एप्रन घालून हेच काम करतोय. गाठ केवढी, हे घरचे लोक पहिल्या मिनिटाला सांगतात. अल्ब्युमिन किती, हे फायलीत शोधावं लागतं. पण लिव्हरच्या कॅन्सरमध्ये पेशंटला दोन आजार असतात. एक गाठ, आणि दुसरा, ज्या जमिनीत ती उगवली ती जमीन. तुमच्या बाबांचं लिव्हर हिपॅटायटिसने वर्षानुवर्षं खाल्लेलं आहे, सिऱ्होसिस झालेला आहे, म्हणजे लिव्हर वणांनी भरून कडक झालंय. कोणताही उपचार झाला तरी त्याचा थोडा मार या उरलेल्या लिव्हरला बसणारच. तो मार ते सोसेल का, यावर सगळं ठरतं.

हे मोजायचं आमचं जुनं माप म्हणजे चाइल्ड-प्यू स्कोर. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, पोटातलं पाणी आणि भ्रम, या पाच गोष्टींना प्रत्येकी एक ते तीन गुण. पाच-सहा गुण म्हणजे ए, सात ते नऊ बी, दहापासून पुढे सी. बाबांचे सहा होतात. अल्ब्युमिनचे दोन, बाकी सगळ्यांचे एकेक. म्हणजे ए, पण काठावरचा ए. महिनाभरात पोटात पाणी झालं तर ते बीमध्ये जातील आणि मग मी टेसला इतक्या सहज हो म्हणणार नाही. म्हणून 'बागेची छाटणी उरकून बघू' असं घरात चाललं असेल तर ते करू नका.

आता ऑपरेशन. प्लेटलेट ८२ हजार याचा अर्थ रक्त कमी झालंय असा नाही. लिव्हर कडक झालं की पोर्टल व्हेनमधला दाब वाढतो, प्लीहा सुजते आणि प्लेटलेट तिथेच अडकून पडतात. हा वाढलेला दाब सर्जनला मागे ओढतो. निरोगी माणसाच्या लिव्हरचा पंचवीस-तीस टक्के भाग मागे राहिला तरी चालतं, ते पुन्हा वाढतं. सिऱ्होसिसमध्ये निदान चाळीस टक्के तरी हवं, आणि ते वाढेलच याची खात्री नाही. दोन गाठी काढायच्या तर बराच भाग जाईल. गाठ निघेल आणि माणूस काविळीत जाईल, हा सौदा कोणी करू नये. तरीही लिव्हरच्या सर्जनचं मत घ्याच. हा निर्णय ट्युमर बोर्डात झाला का, म्हणजे सर्जन, पोटविकारतज्ज्ञ, कॅन्सरचे डॉक्टर आणि आमच्यातला एक असे एकत्र बसले होते का, हे सरळ विचारा. कोणी रागावणार नाही. रागावलंच तर दुसरीकडे मत घ्यायला तेवढं कारण पुरे.

टेस म्हणजे काय, ते मी एकदा तुमच्याच भागातल्या एका बागायतदाराला समजावत होतो. लिव्हरला दोन वाटांनी रक्त येतं. साधारण तीन चतुर्थांश येतं पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्याकडून. उरलेलं हेपॅटिक आर्टरीतून, थेट हृदयाकडून. चांगलं लिव्हर जास्त करून पोर्टलवर जगतं. गाठ मात्र जवळजवळ पूर्णपणे आर्टरीवर पोसलेली असते. आपण आर्टरीच्या आतून जायचं, गाठीकडे जाणारी बारीक फांदी गाठायची, तिच्यात औषध सोडायचं आणि मागून ती बुजवायची. गाठ उपाशी मरते, लिव्हर दुसऱ्या वाटेच्या रक्तावर तगून राहतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे दारं धरायचं काम. ह्या सरीचं दार फोडायचं, युरिया सोडायचा, आन् मागनं माती लावायची." त्यानंतर मी सगळ्यांना असंच सांगतो.

प्रत्यक्ष दिवस कसा असतो ते सांगतो, कारण भीती बहुतेक त्याचीच असते. सकाळपासून उपाशी. जांघेजवळ, नाहीतर मनगटाशी सुई. तिथली जागा बधिर करतो, पूर्ण भूल नाही. सुईतून वायर, वायरवरून नळी, ही युक्ती स्वीडनच्या सेल्डिंगरने १९५३ साली लिहून ठेवली. आजही आम्ही दिवसाला दहादा तीच करतो. छिद्र जेमतेम दोन मिलिमीटरचं. नळी महाधमनीतून लिव्हरच्या आर्टरीत जाते आणि तिच्या पोटातून एक मिलिमीटरहूनही बारीक मायक्रोकॅथेटर पुढे जातो. 'श्वास आत घ्या, रोखा,' असं सांगून डाय (एक्स-रेमध्ये दिसणारं औषध) मारली की पोटात ऊब पसरते आणि स्क्रीनवर गाठ फुलते. बाकीचं लिव्हर फिकट, आणि मध्ये काळ्या धाग्यांचा गुंता. मग मी कोणता धागा गाठीचा, कोणता पित्ताशयाचा, हे शोधत बसतो. यातच सगळा वेळ जातो. दोन तास लागले म्हणून बाहेर घाबरू नका. घाईने वीस मिनिटांत झालं तर उलट मला शंका येते.

टेबलाशेजारी टेक्निशियन दोन सिरिंजा थ्रीवेला (तीन तोंडांच्या तोटीला) जोडून उभा असतो. एका सिरिंजेत डॉक्सोरुबिसिन, ते लालभडक कीमोचं औषध. दुसऱ्या सिरिंजेत लायपिओडॉल नावाचं दाट तेल. हे तेल खसखशीचं असतं हे कळल्यावर घरातल्या बायका हमखास हसतात; खसखशीच्या तेलात आयोडिन बांधलेलं असतं, म्हणून ते एक्स-रेमध्ये दिसतं. पंधरा-वीस वेळा इकडून तिकडे ढकललं की दोन्ही मिळून गुलाबी लस्सीसारखं होतं. ते थेंब-थेंब सोडायचं. गाठ ते पिते आणि धरून ठेवते. शेवटी जेलफोमचे, म्हणजे विरघळणाऱ्या स्पंजचे, बारीक तुकडे सोडून दार बंद. त्या क्षणी उजव्या बरगडीखाली दुखतं, कधी उजव्या खांद्यात कळ जाते. तेव्हा सांगायचं, आम्ही शिरेतून औषध देतो. दात आवळून पडून राहण्यात मोठेपणा नाही.

मनगटातून केलं असेल तर संध्याकाळी उठून बसता येतं. जांघेतून केलं असेल तर चार ते सहा तास पाय सरळ. बाबांना सांगून ठेवा, नाहीतर 'मला काही होत नाही' म्हणत ते तासाभरात संडासला निघतील आणि जांघेत लिंबाएवढा रक्ताचा गोळा होईल. शेतकऱ्यांच्या बाबतीत हे फार होतं.

मलमपट्टीचा तुमचा प्रश्न टोचणारा आहे आणि त्याचं उत्तर आकड्यांत द्यायला हवं. आजच्या घडीला बाबांच्या दोन्ही गाठींसाठी टेस हा 'मुळासकट बरं' करायचा उपचार नाही. तो आजार ताब्यात ठेवायचा उपचार आहे, आणि तसं स्पष्ट न सांगता कोणी 'बिनऑपरेशन कॅन्सरमुक्त' म्हणत असेल तर उठून या. पण ताब्यात ठेवणं म्हणजे काहीच न करणं नव्हे. २००२ साली बार्सिलोना आणि हाँगकाँग इथल्या दोन चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध झाले. टेस केलेले आणि न केलेले, अशा दोन गटांची तुलना. बार्सिलोनात दोन वर्षांनी टेसच्या गटातले ६३ टक्के हयात होते, दुसऱ्या गटातले २७. हाँगकाँगला ३१ विरुद्ध ११. टेस जगभर रूढ झाला तो या दोन चाचण्यांमुळे.

आता त्याच आकड्यांकडे आडवं बघा. टेस दोन्हीकडे झाला. मग एका शहरात ६३ आणि दुसऱ्यात ३१ का? हाँगकाँगचे पेशंट बहुतेक हिपॅटायटिस बीचे होते, गाठी मोठ्या होत्या, आजार पुढे गेलेला होता. बार्सिलोनाने लिव्हर बऱ्यापैकी शाबूत असलेली माणसं फार निवडून घेतली होती. नळी घालणाऱ्याच्या हातापेक्षा कोणाला नळी घालायची याची निवड जास्त काम करून गेली. हे वाक्य आमच्या धंद्यात फारसं आवडत नाही.

मला ते पटायला एक माणूस गमवावा लागला. माझ्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातली गोष्ट. आठ सेंटिमीटरची गाठ, बिलिरुबिन २.८, सोनोग्राफीत पोटात थोडं पाणी. मुलं म्हणाली, काहीतरी कराच. मलाही करायचंच होतं, हात शिवशिवत होते. केस सुंदर झाली. लायपिओडॉल गाठीत असं गच्च बसलं होतं की ते फोटो मी सहकाऱ्यांना दाखवत फिरलो. पाचव्या दिवशी डोळे पिवळे झाले, नवव्या दिवशी ते बायकोला ओळखेनात, तिसऱ्या आठवड्यात गेले. मधल्या सीटीत गाठ पूर्ण मेलेली दिसत होती. तेव्हापासून मी आधी रक्ताचा कागद बघतो आणि मग सीटी लावतो.

म्हणून टेसची तारीख घेण्याआधी तीन कामं. पहिलं, हिपॅटायटिस बीचा व्हायरल लोड (रक्तात व्हायरस किती आहे ते) करून एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर हे व्हायरसवरचं औषध सुरू करायचं, पोटविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने, आणि यावेळी ते सोडायचं नाही. टेसनंतर हा व्हायरस उसळू शकतो, आणि मग गाठीवरचा उपचार चांगला होऊनही लिव्हर बसतं. दुसरं, दुर्बिणीने अन्ननलिका बघून घ्यायची. दाब वाढलेला असताना तिथल्या शिरा फुगलेल्या असतात, त्या बांधायच्या असतील तर आधीच बांधून घेतलेल्या बऱ्या. तिसरं, क्रिएटिनिन. बाबा मधुमेही आहेत आणि डाय किडनीतून बाहेर पडते. मेटफॉर्मिन चालू असेल तर आम्ही त्या दिवसापासून ४८ तास थांबवतो आणि किडनी बघून पुन्हा सुरू करतो. प्लेटलेट ८२ हजार असले तरी आमचं काम अडत नाही. पन्नास हजारांच्या वर आम्ही सहसा पुढे जातो.

बायोप्सी का केली नाही, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण कोणीतरी नातेवाईक विचारेलच. सिऱ्होसिस असलेल्या लिव्हरमध्ये गाठ आर्टरीच्या टप्प्यात (डाय नुकतीच आर्टरीत पोचलेली असताना) उजळली आणि नंतरच्या टप्प्यात काळवंडली, की सीटीवरच निदान पक्कं धरतात. इथे सुई न लावण्याला अर्थ आहे. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' हा समज मात्र स्तन, फुप्फुस अशा बाकीच्या ठिकाणी लोकांचं फार नुकसान करतो. तिथे सुईशिवाय पुढचं पानही उलटत नाही.

आता त्या काकांची जाळलेली गाठ. ती बहुतेक एकच आणि लहान असणार. आरएफए (रेडिओलहरींच्या उष्णतेने जाळणं) किंवा मायक्रोवेव्हमध्ये सोनोग्राफी नाहीतर सीटीवर बघत सुई गाठीच्या मधोमध नेतात आणि आतून शिजवतात. साठ अंशांच्या वर पेशी लगेच मरतात. दोन सेंटिमीटरच्या आतल्या एकट्या गाठीत हे ऑपरेशनच्या बरोबरीचं धरलं जातं, तीनपर्यंत निकाल चांगले मिळतात. पण नुसती गाठ जाळून भागत नाही, चहूबाजूंनी निदान अर्धा सेंटिमीटर जास्तीचं जळायला हवं, कारण डोळ्याला न दिसणाऱ्या पेशी तिथे असतात. ५.२ च्या गाठीसाठी सव्वासहा सेंटिमीटरचा गोळा जाळावा लागेल. एका सुईच्या आवाक्यात ते नसतं, आणि दोन-तीन सुया लावल्या तरी मध्ये कच्चं राहतं. भाकरी कडेने भाजली आणि मध्ये ओली राहिली, तसं. शिवाय शेजारून मोठी रक्तवाहिनी जात असेल तर ती उष्णता वाहून नेते. मायक्रोवेव्हला हा त्रास कमी होतो, पण अजिबात होत नाही असं नाही.

बाबांची २.१ ची गाठ मात्र जाळण्याजोगी वाटते, ती पित्ताशयाला किंवा आतड्याला चिकटून नसेल तर. मोठीला टेस आणि धाकटीला मायक्रोवेव्ह, असा मेळ घालता येईल का, हे तुमच्या रेडिओलॉजिस्टला विचारा. मी असतो तर तसाच विचार केला असता. टेसने मोठी गाठ लहान झाली आणि तशीच राहिली, तर पुढे लिव्हर बदलण्याचा विषयही पुन्हा उघडू शकतो. आज ते मिलानच्या मापात बसत नाहीत. एक गाठ असेल तर पाच सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी आणि प्रत्येक तीनच्या आत, असं ते माप १९९६ पासून वापरात आहे. ६३ हे वय त्यासाठी आड येत नाही. पण ते सगळं दोन-तीन सीटींनंतरचं.

टेसनंतरच्या आठवड्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण रात्री अकराला येणारे फोन सगळे त्याचेच असतात. ताप येणार. शंभर, एकशे एक, चार-पाच दिवस, कधी आठवडाभर. मेलेली गाठ शरीर आवरायला घेतं त्याचा तो ताप असतो. उजवीकडे दुखणार, मळमळणार, जेवण जाणार नाही. यावर पॅरासिटामॉल, दिवसाला दोन ग्रॅमच्या आत. मेडिकलमधून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अजिबात नाही. सिऱ्होसिसमध्ये त्या किडनी बसवतात आणि पोटात रक्तस्राव करतात. गावाकडून आलेले काढे आणि भस्मंही नकोत. पण जेवण तोडू नका. 'लिव्हरचा पेशंट, पचायला हलकं द्या' म्हणून लोक भाताच्या पेजेवर ठेवतात आणि अल्ब्युमिन आणखी खाली आणतात. वरण, अंडं, दही, पनीर, जे जाईल ते द्या, मीठ आवरून. झोपताना काहीतरी खायला द्या. आणि पोट रोज साफ व्हायलाच हवं, बद्धकोष्ठ झालं की भ्रम येतो, त्यासाठी लॅक्ट्युलोज लिहून दिलेलं असतं ते गोड लागतं म्हणून टाकून देऊ नका.

आठवड्यानंतर थंडी वाजून ताप आला तर ती वेगळी गोष्ट, आत पू झालेला असू शकतो. डोळे पिवळे, संडास डांबरासारखी काळी, लघवी कमी, दिवसा झोप आणि रात्री बडबड, यातलं काहीही दिसलं तर फोन करत बसू नका, घेऊन या.

सव्वा-दीड महिन्याने सीटी होईल आणि त्याच्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं असेल, गाठ ४.९ सेंटिमीटर. मग घरात सुतकी शांतता. 'एवढं करून तीन मिलिमीटर?' मला दर महिन्याला हा चेहरा दिसतो. गाठ मेली तरी तिचं मढं तिथेच असतं, ते आकसायला महिनोन्महिने लागतात. आम्ही आकार बघत नाही, आर्टरीच्या टप्प्यात गाठीचा कोणता भाग अजून उजळतो ते बघतो. ४.९ मधला एक सेंटिमीटरचा कोपरा उजळत असेल आणि बाकी सगळं काळं असेल, तर निकाल फार चांगला आहे. तेवढ्या कोपऱ्यासाठी पुन्हा जाता येतं. एएफपी किती उतरलं तेही बघू.

पुन्हा, पण किती वेळा? उठसूट दर महिन्याला टेस करायची पद्धत आता गेली. दोनदा करूनही तीच गाठ दाद देत नसेल किंवा नव्या गाठी येत असतील, तर तिसऱ्यांदा तेच करण्यात पैसा जातो आणि लिव्हरही जातं. तेव्हा औषधांकडे वळायचं. २०२० पासून ॲटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही जोडी वापरात आहे, लेन्व्हॅटिनिब आणि सोराफेनिबच्या गोळ्या आहेत. ही औषधं घेण्यापुरतं लिव्हर तेव्हा शिल्लक असायला हवं, आणि म्हणूनच टेस कुठे थांबवायचा हे आधी ठरवून ठेवावं लागतं.

खर्चाबद्दल दोन वाक्यं. 'बीड्स' म्हणजे औषध भरलेले बारीक मणी. त्यांनी त्रास थोडा कमी होतो, पण जुन्या तेलाच्या टेसपेक्षा माणूस जास्त जगतो असं तुलनेत सिद्ध झालेलं नाही. पैशांची ओढाताण असेल तर तेलाचा टेस करून घ्या, मनात काही ठेवू नका. इट्रियम-९० चे किरणोत्सारी मणी हा आणखी वेगळा प्रकार, साधारण ६४ तासांत त्यांची ताकद निम्मी होते आणि किरण ऊतीत काही मिलिमीटरच जातात. पोर्टल व्हेनची फांदी गाठीने भरलेली असेल तेव्हा त्याचा विचार जास्त होतो. तुमच्याकडे ती मोकळी आहे, आणि तो उपचार फार महाग आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात गेलात तर आधी आरोग्यमित्राच्या टेबलापाशी जा आणि आपल्या उपचाराचं पॅकेज यादीत आहे का, ते ॲडमिट होण्याआधी विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

मावशींचं ऐकून वाईट वाटलं. पण ती नळी आणि हा टेस यांचं नातं एवढंच, की दोन्ही आमच्याच खोलीत होतात. पित्ताशयाचा कॅन्सर पित्तनलिका दाबतो, पित्त तुंबतं, बिलिरुबिन पंधरा-वीसवर जातं, अंगाला इतकी खाज सुटते की माणूस रात्रभर भिंतीला पाठ घासतो. बरगड्यांमधून सुई घालून त्या तुंबलेल्या नळ्यांत ड्रेन टाकायचा आणि पित्त पिशवीत काढायचं. त्या उपचाराने कॅन्सरला हातही लागत नाही. खाज थांबावी, जंतुसंसर्ग आवरावा, कावीळ उतरून जमलं तर कीमो देता यावी, यासाठी ती असते. ती टाकताना हे घरच्यांना नीट सांगितलं गेलं नाही की नळीवरच सगळी आशा बांधली जाते आणि मग माणूस गेला की दोष नळीला लागतो. चूक आमची असते, सांगण्यात. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये पाठीत जाणाऱ्या कळा थांबवायला आम्ही मज्जातंतूंच्या जाळ्यात अल्कोहोल सोडतो, कण्यातला मणका ढासळला तर सिमेंट भरतो; तीही याच जातीची कामं, आराम देणारी. एकाच सुईने बरं करणं, आवरून धरणं आणि आराम देणं अशी तीन निराळी कामं होतात. समोरचा डॉक्टर त्यातलं कोणतं करतोय, हे त्याच्याच तोंडून वदवून घ्या.

राहिला बाबांना सांगण्याचा प्रश्न. यात मी तुमच्या बाजूने नाही. टेबलावर ते जागे असतात. दोन तास त्यांच्या डोक्याशी उभं राहून आम्ही बोलत असतो, 'ट्युमरची फीडर', 'कीमो किती गेलं', आणि बाबांना ऐकू चांगलं येतं. श्वास रोखायचा तर त्यांनी आमच्याबरोबर काम करायचं असतं. त्याआधी संमतीपत्रावर सही त्यांची लागते, मुलाची नाही, आणि त्यावर आजाराचं नाव लिहिलेलं असतं. एका आजोबांनी माझ्या समोर तो कागद दूर धरून सावकाश वाचला आणि मुलाकडे बघून म्हणाले, "मुंबईला तीनदा नेलंस, ते काय ॲसिडिटीसाठी?" तुम्हाला जड जात असेल तर डॉक्टरांना सांगायला लावा, तुम्ही शेजारी बसा. पण टेबलावर कळण्याआधी कळू दे.

येताना नुसता कागदी रिपोर्ट आणू नका, सीटीची सीडी आणा. ट्रिपल फेज सीटी, म्हणजे डाय देऊन तीन टप्प्यांत काढलेली, आहे का ते बघा. नसेल तर पुन्हा करावी लागेल, साध्या सीटीवर गाठीची आर्टरी दिसत नाही. पाच वर्षांपूर्वीचे हिपॅटायटिसचे रिपोर्ट सापडले तर तेही. आणि बाबा सध्या घेतात त्या सगळ्या गोळ्या, पट्ट्यांसकट, एका पिशवीत. रक्त पातळ करणारी गोळी कोणी चालू केलेली असते आणि घरात ती 'हृदयाची गोळी' म्हणून ओळखली जाते. पिशवी टेबलावर रिकामी केली की ती सापडते.